गाडीत कंपनीचा ॲम्प आहे का, हे कापायच्या आधी बघा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका निवृत्त गुरुजींचं पत्र छापून आलं होतं. त्यांच्या मुलानं पुण्याहून सेकंडहँड गाडी आणली, ऑनलाइन मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ मागवला आणि आपल्याच भागातल्या कुण्या दुकानात बसवून घेतला. स्क्रीन झकास लागली, नकाशा दिसायला लागला, पण आवाजच नाही. दुसऱ्या दुकानात नेली तर आवाज आला, तोही फाटका. शेवटी शोरूमवाल्यांनी सांगितलं की कपलर, म्हणजे वायरी जोडायचे प्लास्टिकचे खटके, कापलेत, डॅशबोर्डचं वायरिंग बदलावं लागेल. गुरुजींनी पत्राच्या शेवटी सल्ला दिला होता की मराठवाड्यातल्या फिटरला गाडीला हात लावू देऊ नका, सरळ पुण्याला न्या.

गुरुजींचा राग रास्त आहे. सल्ला मला मान्य नाही, आणि तो मान्य नसण्यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण मी परभणीत हाच धंदा करतो. काळी-पिवळी जीपमध्ये कॅसेटचा डेक आणि मागच्या फळीवर दोन अंडाकृती स्पीकर बसवायचे, त्या काळापासून करतो. पण वायर कापायची पक्कड पुण्यातही मिळते. या प्रकरणात स्टिरिओ विकणारा, घेणारा आणि बसवणारा अशी तीन माणसं होती, आणि तिघांपैकी एकानंही ‘या गाडीत कंपनीचा ॲम्प आहे का’ एवढं विचारलं नाही. ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, आवाजाला ताकद देणारा. सगळं नुकसान तिथून सुरू झालं.

साध्या गाडीत ॲम्प्लिफायर स्टिरिओच्याच पोटात असतो. मागून आठ वायरी निघतात, चार स्पीकरना दोन-दोन. जुना काढा, नवा लावा, गाणं सुरू. वरच्या मॉडेलात मात्र कंपनी ॲम्पची वेगळी डबी देते. क्रेटा आणि सेल्टॉसच्या महागड्या मॉडेलात बोसचे ८ स्पीकर येतात, पहिल्या हॅरियरच्या वरच्या मॉडेलात जेबीएलचे ९ होते, एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलात सोनीचे १२. एवढं लटांबर डॅशबोर्डातल्या स्टिरिओच्या एका आयसीच्या, म्हणजे चिपच्या, बळावर चालत नसतं. ती डबी कुठं सीटखाली असते, कुठं डिक्कीच्या बाजूला पॅनेलच्या आत. स्टिरिओ तिच्याकडं नुसता बारीक सिग्नल पाठवतो, ताकद ती लावते. गिऱ्हाइकाला हे माहीत असायचं काही कारण नाही. फिटरला असायलाच पाहिजे.

गुरुजींची गाडी मी पाहिलेली नाही. पण पहिल्या दुकानात आवाजच आला नाही म्हणतात, त्यावरून माझा संशय निळ्या-पांढऱ्या वायरीवर आहे. नव्या स्टिरिओच्या मागं पिवळी वायर कायमच्या करंटची, लाल चावीच्या करंटची, काळी अर्थिंगची, आणि एक निळी असते, तिच्यावर पांढरी रेघ. स्टिरिओ सुरू केला की हिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि ते ॲम्पला उठवतात. साध्या गाडीत हिला काही काम नाही, म्हणून पोरं सवयीनं तिच्या टोकाला टेप गुंडाळून मागं खोचून देतात. ॲम्पच्या गाडीतही हात तसाच चालतो. मग ॲम्प झोपलेलाच राहतो. स्क्रीनवर गाण्याची चित्रं नाचतात आणि दारातून हूं नाही की चूं नाही.

कुणी हुशारी करून ॲम्पची ती वायर पिवळीलाच जोडून टाकतो. आवाज येतो, पैसे मिळतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण आता चावी काढली तरी ॲम्प बंद होत नाही. मोकळा पडलेला ॲम्प एक अँपिअर जरी खात राहिला तरी ४५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांत बसते. लग्नसराईत गाडी दारात उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी धक्का मारायची वेळ आली, की शिव्या बॅटरीवाल्याला. अशा गाड्या माझ्याकडं नवीन बॅटरी टाकून आलेल्या आहेत आणि तीही बसलेली.

आता फाटका आवाज. ॲम्पच्या डबीला सिग्नल लागतो तो एक-दोन व्होल्टचा, गाडीगणिक कमी-जास्त. नव्या स्टिरिओच्या स्पीकरच्या वायरी त्याच जागी जोडल्या की पूर्ण आवाजावर तिथं नऊएक व्होल्ट जाऊन पोचतात. हिशेब साधा आहे, चार ओहमवर वीस वॅट म्हणजे नऊ व्होल्ट. मोठा केलेला आवाज परत मोठा करायला पाठवला. भोंग्यावरून ओरडणाऱ्याच्या तोंडापुढं दुसरा माइक धरावा तसला प्रकार होतो. गिऱ्हाईक म्हणतं, आवाज तीनवरच फाटतो. आणि गाणं बंद असताना आतून एकसारखी ‘हिस्स’ येते. यासाठी स्टिरिओच्या मागच्या आरसीए पिना, म्हणजे बारीक सिग्नल बाहेर देणाऱ्या गोल पिना, वापरायच्या असतात, नाहीतर मध्ये लाइन कन्व्हर्टर टाकून सिग्नल खाली आणायचा असतो. कन्व्हर्टर फार महाग वस्तू नाही. परंतु तो आणायला दुकानातून उठावं लागतं.

याहून वाईट एक सवय आमच्या जुन्या पिढीची आहे. कॅसेटच्या काळातल्या बऱ्याच सेटला स्पीकरचे मायनस एकत्र करून बॉडीला लावले तरी चालायचे. आमच्या उस्तादांनी तसंच शिकवलं, आणि त्या सेटपुरतं ते बरोबर होतं. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. स्टिरिओ चालू असताना गाणं थांबवून कुठल्याही एका वायरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावा, दुसरं टोक बॉडीला. मायनस म्हणवणाऱ्या वायरीवरसुद्धा सहा-सात व्होल्ट दिसतील. ती बॉडीला टेकली की आयसीचा निकाल लागतो. कन्व्हर्टर न वापरता या मायनसचा जोड आरसीएच्या जाळीवर मारला तरी तेच, कारण जाळी शेवटी अर्थिंगलाच जाते. जळालेल्या आयसीचा वास ज्यानं एकदा घेतला तो पुन्हा असला जोड मारत नाही, पण तोवर गिऱ्हाइकाचा सेट गेलेला असतो.

मग काही जण म्हणतात, कटकट नको, कंपनीचा ॲम्पच बाद करू. ॲम्पपाशी जायचं, त्याच्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरी एकमेकींना जोडायच्या आणि डबी काढून ठेवायची. करता येतं. पण दोन गोष्टी आधी मोजाव्या लागतात. पहिली, स्पीकर किती ओहमचे आहेत. कंपनीच्या ॲम्पचे स्पीकर पुष्कळदा दोन ओहमचे असतात, काही त्याहूनही कमी, आणि बाजारातला स्टिरिओ चार ओहमसाठी बनवलेला. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट. खोक्यावर ४×५० वॅट छापलंय म्हणून भुलू नका. गाडीचे चौदा व्होल्ट, त्याचा वर्ग करा, चार ओहमसाठी आठानं भागा, पंचवीसच्या पुढं वॅट निघतच नाहीत. बाकीचे खोक्यावरच असतात. अशा आयसीवर दोन ओहमचा भार टाकायचा आणि गाडी मे महिन्यात परभणीच्या उन्हात उभी करायची. बाहेर ४४ अंश असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डात काय असेल ते सांगायला नको. अर्ध्या तासात सेट स्वतःहून बंद पडतो, गार झाला की परत चालतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘सॉफ्टवेअर अपडेट करून द्या’.

दुसरी गोष्ट ट्विटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची. बऱ्याच गाड्यांत बेस कुठं पाठवायचा आणि बारीक आवाज कुठं, ही वाटणी ॲम्पच करतो. दाराच्या स्पीकरला वेगळी जोडी, काचेजवळच्या छोट्या ट्विटरला वेगळी जोडी. ॲम्प काढून ट्विटरला सरळ वायर दिली की ढोलाचा दणका त्या नखाएवढ्या कॉइलवर बसतो. पहिल्याच वरातीत ट्विटर मुका. मध्ये बेस अडवणारा कपॅसिटर तरी टाकायला हवा होता.

हे सगळं टाळायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. माझ्या टेबलावर भिंतीच्या घड्याळाचा पेन्सिल सेल कायम पडलेला असतो. जुना स्टिरिओ बाहेर काढला, कपलर मोकळा झाला, की गाडीच्या बाजूच्या कपलरमधल्या स्पीकरच्या दोन वायरींना तो दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. दारातून ‘ठक’ असा आवाज आला तर स्पीकर थेट पलीकडं आहे, साधी गाडी. एकाही जोडीवर ठक झालं नाही तर थांबायचं. मग मीटर ओहमवर लावायचा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर तीन-साडेतीन दाखवतो. तिथं हजारात आकडा आला तर समोर स्पीकर नसून ॲम्पचं तोंड आहे. वायरी बघूनही अंदाज येतो. सिग्नलच्या वायरी बारीक असतात, एकमेकींना पीळ दिलेल्या असतात, कधी वरून जाळीही असते. चहा येईपर्यंत हे सगळं होतं, आणि हे होईस्तोवर मी पोराला पक्कड हातात धरू देत नाही. माझ्या दुकानात नियम आहे, गाडीचा कपलर कापायचा नाही. बाजारात जवळपास प्रत्येक गाडीचं कपलर-टू-कपलर वायरिंग मिळतं. इथं नसलं तर संभाजीनगरहून येणाऱ्या गाडीत मागवतो. गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबायला सांगतो. थांबत नसेल तर जाऊ देतो.

नव्या गाड्यांत एवढ्यानंही भागत नाही. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत ॲम्प बारा व्होल्टच्या वायरीनं उठत नाही, गाडीच्या कॅनबसवरून, म्हणजे गाडीतली उपकरणं एकमेकांशी बोलतात त्या वायरीवरून, हुकूम आला तरच उठतो. कधी आवाज कमी-जास्त करायचं कामही स्टिरिओऐवजी ॲम्पमध्येच होतं. अशा गाडीला तिच्या मॉडेलची कॅनबस डबी लागते, कुठलीही चालत नाही. त्यातल्या त्यात जर्मन गाड्या घ्या. आपल्याकडं त्या काही नवलाच्या नाहीत. औरंगाबादजवळ शेंद्र्याला जर्मन फोक्सवॅगनच्या मालकीच्या स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे, आणि २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेतल्या मंडळींनी एकाच सौद्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली होती. त्या काळातल्या मोठ्या गाड्या आता तिसऱ्या-चौथ्या हातात, जालना-बीड-हिंगोलीकडं फिरतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओ ते ॲम्प तांब्याची वायरच नसते. काचेच्या दोऱ्यासारखी एक नारिंगी किंवा हिरवी वाहिनी असते, तिच्यातून प्रकाश पळतो. ती वाहिनी एका उपकरणातून दुसऱ्यात अशी गोल फिरून परत येते. मधलं एक उपकरण काढलं की कडं तुटतं आणि पुढचं-मागचं सगळंच मुकं होतं. मोंढ्यातल्या एका आडत्याची अशी गाडी माझ्याकडं आली होती, साखळीतला मूळ स्टिरिओ काढून फेकलेला. फेकलेला म्हणजे खरोखर फेकलेला, भंगारात. मी त्यांना सांगितलं, आधी तो भंगारवाला शोधा.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सीटबेल्टची सूचना, ८० च्या पुढं वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. काही गाड्यांत हा ‘टुंग टुंग’ समोरच्या स्पीडोमीटरमधून येतो, काहींत ॲम्पमधून स्पीकरवर येतो. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत स्टिरिओ बदलताना ही सोय जपली नाही तर टुंग टुंग बंद. बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं, बरं झालं, ब्याद गेली. जालन्याहून समृद्धीला लागल्यावर ब्याद होती की बरी होती ते ठरवावं.

मी म्हणेन, कंपनीचा ॲम्प आणि स्पीकर धड असतील तर ते ठेवा. पोरांना स्क्रीन मोठी पाहिजे असते, ठीक आहे, स्क्रीन बदला, जोडणीची योग्य डबी लावून ॲम्प तसाच वापरा. दहा हजारांचा सेट आणि त्याच्यासाठी हजार-दोन हजारांचं जोडणीचं सामान, हे गणित गिऱ्हाइकाला महाग वाटतं, कारण ऑनलाइन जाहिरातीत ‘सर्व गाड्यांना चालेल’ असं लिहिलेलं असतं. ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकते. त्याच्या खाली ‘कंपनीचा ॲम्प असेल तर वेगळी जोडणी लागेल’ एवढं छापायला काय जातं? माझ्या एका वकील गिऱ्हाइकानं मला समजावून सांगितलं, ते इथं देतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वस्तू कशी वापरावी याच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत आणि त्यामुळं दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर बनवणाऱ्याला जबाबदार धरता येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विकणारा मुंबईचा असो की दिल्लीचा. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी लागत नाही. गुरुजींनी पावती जपून ठेवली असेल तर तिकडं जरूर जावं. फिटरवरही तक्रार करावी, मी त्याला सोडा म्हणत नाही.

शोरूमवाले आणि सेकंडहँड गाड्यांचे व्यापारी यांनाही एक विनंती आहे. गाडी देताना ते अलॉय व्हील दाखवतात, सनरूफ उघडून दाखवतात. ॲम्प कुठं बसवलाय, हे एका वाक्यात सांगावं. आम्ही फिटर लोक वायरिंगचा नकाशा मागायला गेलो की ‘तो कंपनीचा गोपनीय असतो’ असं उत्तर मिळतं, आणि तेच लोक पुढं ‘बाहेरून काम केलं म्हणून वॉरंटी नाही’ असं सांगतात. नकाशा देणार नसाल तर निदान कपलरच्या कुठल्या पिनेवर काय येतं तेवढा कागद तरी द्या. आयटीआयमधून येणारी पोरं हुशार असतात, सोल्डर छान मारतात, पण गाडीतला ॲम्प त्यांनी उघडून बघितलेला नसतो. भंगारात पडलेले ॲम्प मी फुकट द्यायला तयार आहे, कुण्या निदेशकांनी मागितले तर.

एक वेगळाच वर्ग माझ्या दुकानात येतो, तोही सांगतो. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना डोक्यावर बॉक्स पाहिजे असतात, जितके मोठे तितके चांगले. त्यांना कंपनीच्या ॲम्पची भानगड नाही, पण बॅटरीपासून फ्यूजशिवाय सरळ जाड वायर ओढायची असते, तीही बरेचदा तांब्याच्या मुलाम्याची ॲल्युमिनियमची, जी त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा लवकर तापते. मी फ्यूजशिवाय वायर देत नाही, आणि फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आतच असतो. रात्री दहाच्या पुढं गावातून वाजवत जाऊ नका असंही सांगतो. फ्यूज ते घेऊन जातात.

गुरुजींना माझा निरोप द्या. कापलेल्या कपलरच्या टोकाला वायर शिल्लक असेल तर सगळं वायरिंग बदलायची गरज बहुतेक नाही. नवा कपलर सोल्डर करून, वर हीटस्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, घालून ते दुरुस्त होतं. आधी ॲम्प जिवंत आहे का ते बघावं लागेल. परभणीला आले तर बघून देईन, बघायचे पैसे घेत नाही.

आपला वाचक,
स्टेशन रोडवरचा एक स्टिरिओवाला,
परभणी

ता. क. ज्यांचा ॲम्प पुढच्या सीटखाली आहे त्यांनी वॉशिंग सेंटरवाल्याला आत पाण्याचा पाइप मारू देऊ नये. कारपेट ओलं झालं की पाणी डबीच्या कपलरमध्ये उतरतं, पिना हिरव्या पडतात आणि महिनाभरानं एका बाजूचे स्पीकर बंद होतात. आत नुसतं व्हॅक्यूम मारून घ्यावं.